राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना : जुन्या गोव्यापासून पंचायतीपर्यंत

आपल्या देवळांत जत्रेच्या वेळी, कालोत्सवाला किंवा गावावर काही संकट आले की गाऱ्हाणे घातले जाते. गाऱ्हाणे घालणारा माणूस स्वतःसाठी काहीच मागत नाही. गावासाठी, शेताभाटासाठी, गुरावासरांसाठी, परगावी पोटापाण्याला गेलेल्या मुलांसाठी तो देवाला साकडे घालतो आणि जमलेले सगळे त्याला हुंकार देतात. मागणे एकाच्या तोंडून, पण ते सगळ्यांचे. हे आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. पण आपल्या शेजारच्या इगर्जीत दर रविवारी असेच एक मागणे होते आणि त्यात राज्यकर्त्यांचा उल्लेख असतो, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? पिढ्यानपिढ्या एकाच वाड्यावर राहून, एकमेकांच्या नेवऱ्या-करंज्या खाऊनसुद्धा आपण एकमेकांच्या प्रार्थना फारशा ऐकलेल्या नसतात. म्हणून आज थोडे या मागण्याच्या इतिहासाविषयी.

आधी ते काय असते ते सांगतो. मिसामध्ये बायबलचे वाचन होते, मग पाद्रीचा शेर्मांव म्हणजे प्रवचन होते. त्यानंतर लोकांमधूनच कोणीतरी, एखादी शिक्षिका, एखादा कॉलेजात जाणारा मुलगा, पुढे येऊन चार-पाच मागणी वाचतो. प्रत्येक मागण्यानंतर सगळी मंडळी एकाच वाक्यात देवाला ऐकण्याची विनवणी करते. याला ‘विश्वासी जनांची प्रार्थना’ म्हणतात. मागण्यांचा क्रमही साधारण ठरलेला आहे. पहिले मागणे चर्चसाठी. दुसरे सत्तेवर असलेल्यांसाठी आणि जगाच्या कल्याणासाठी. तिसरे दुःखी, आजारी, गांजलेल्या माणसांसाठी. चौथे त्या गावासाठी, तिथे जमलेल्या समाजासाठी. म्हणजे राजा आणि गाव, दोघांनाही त्यात जागा आहे.

आता कोणीही विचारील की राज्यकर्त्यांसाठी देवाकडे कशाला मागायचे? त्यांना काय कमी आहे? आणि ही सत्तेची खुशामत नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी बरेच मागे जावे लागते.

ज्यू लोकांना इ. स. पूर्व सहाव्या शतकात बाबिलोनच्या राजाने कैद करून आपल्या देशात नेले, तेव्हा यिर्मया या संदेष्ट्याने त्यांना एक पत्र लिहिले. ते बायबलच्या जुन्या करारात आहे. त्यात तो सांगतो की ज्या शहरात तुम्हाला नेऊन टाकले आहे त्या शहराचे भले चिंता, त्याच्यासाठी देवाकडे मागा, कारण त्याच्या भल्यातच तुमचे भले आहे. लक्षात घ्या, हे शहर त्यांचे नव्हते. ते तर त्यांना कैद करून नेणाऱ्यांचे शहर होते! तरीसुद्धा घरे बांधा, बागा लावा आणि या शहरासाठी प्रार्थना करा, असे तो म्हणतो.

हाच धागा पुढे नव्या करारात येतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, जे परंपरेने संत पौलाचे मानले जाते, राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करावी असे सांगितले आहे. कशासाठी, तर लोकांना शांतपणे आणि सन्मानाने जगता यावे म्हणून. राजाचे वैभव वाढावे म्हणून नव्हे. पहिल्या शतकाच्या शेवटी रोमच्या क्लेमेंटने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातही राज्यकर्त्यांना आरोग्य, शांती आणि सुबुद्धी मिळावी असे मागणे आहे. त्या काळी रोमचा बादशहा ख्रिस्ती नव्हता आणि ख्रिस्ती लोकांवर त्याची मर्जीही नव्हती. पौलाला तर नीरो बादशहाच्या काळातच रोममध्ये मरण आले असे परंपरा सांगते.

इ. स. १९७ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात तेर्तुलियन नावाचा लेखक होऊन गेला. ख्रिस्ती लोक राजद्रोही आहेत, ते बादशहाच्या मूर्तीपुढे धूप जाळत नाहीत, असा तेव्हा आरोप होता. त्याला उत्तर देताना तेर्तुलियन म्हणतो की आम्ही बादशहाला देव मानत नाही हे खरे, पण आम्ही त्याच्यासाठी देवाकडे मागतो. त्याला दीर्घ आयुष्य, सुरक्षित राज्य, विश्वासू सेनेट, प्रामाणिक प्रजा आणि शांत जग मिळो असे मागतो. मला या सगळ्या इतिहासातला हा मुद्दा सर्वात महत्त्वाचा वाटतो. ज्याच्यासाठी प्रार्थना करावी लागते तो देव असू शकत नाही. तो माणूसच असतो, चुकणारा, थकणारा, मरणारा. म्हणजे वरवर पाहता जी राजनिष्ठा दिसते, तिच्यात राजाची मर्यादाही सांगितलेली आहे.

पण पुढे चित्र पालटले. चौथ्या शतकात रोमचे बादशहा स्वतःच ख्रिस्ती झाले. इ. स. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइनच्या काळात छळ थांबला आणि ३८० मध्ये थिओडोसियसने तो धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म केला. आता ज्याच्यासाठी प्रार्थना करायची तो राजा इगर्जीत पुढच्या आसनावर येऊन बसला. पुढे रोमच्या मिसातून ही सर्व लोकांची मागणी हळूहळू नाहीशी झाली. ती टिकून राहिली फक्त पवित्र शुक्रवारच्या उपासनेत, म्हणजे वर्षातून एकदा. त्यातही बादशहासाठी एक मागणे होतेच. गंमत म्हणजे १८०६ मध्ये पवित्र रोमन साम्राज्यच संपले, बादशहाच उरला नाही, तरी पुस्तकात त्याचे मागणे छापलेले होतेच. १९५५ च्या सुधारणेत ते काढून त्याच्या जागी सर्व राज्यकर्त्यांसाठी मागणे घालण्यात आले.

आता आपल्या गोव्यात येऊया. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्स द आल्बुकेर्कने गोवा जिंकले. तो दिवस संत कातारिनाचा, म्हणून जुन्या गोव्यातली से कॅथेड्रल तिच्या नावाने आहे. शहरासाठी लिस्बनच्या धर्तीवर नगरसभा स्थापन झाली. तिला सेनादो म्हणत. पुढे मांडवीच्या काठावर कमान उभी राहिली आणि नवा व्हाइसरॉय त्या कमानीतून शहरात येई, तेव्हा त्याला शहराच्या चाव्या देत. त्यानंतर कॅथेड्रलमध्ये देवाचे आभार मानण्याचा सोहळा होई. राजा, नगरसभा आणि इगर्ज, तिन्ही एका मिरवणुकीत! प्रार्थना होतीच, पण ती आता बाबिलोनमधल्या कैद्यांची नव्हती. ती शहर जिंकणाऱ्यांची होती.

याच काळात सासष्टी-बार्देशातली देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले आणि मधली काही वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत राहिले. हे सांगितल्याशिवाय गोव्यातल्या ख्रिस्ती प्रार्थनेचा इतिहास सांगणे बरोबर होणार नाही. यिर्मयाने ज्या लोकांना पत्र लिहिले त्यांच्यासारखी अवस्था त्या वेळी अंत्रुजात देव डोक्यावर घेऊन गेलेल्या आपल्या पूर्वजांची होती. प्रार्थनेचे शब्द तेच राहिले, पण म्हणणाऱ्याची जागा बदलली की त्यांचा अर्थ किती बदलतो, ते इथे दिसते.

याचे सर्वात ठळक उदाहरण १६८३ मधले आहे. त्या वर्षी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर, म्हणजे फ्रांसिस्क द ताव्होर, याने फोंड्याच्या किल्ल्यावर हल्ला केला आणि तो सपशेल फसला. संभाजी महाराजांच्या फौजेने उलट त्याचाच पाठलाग केला. २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी जुवे बेट घेतले. जुवे म्हणजे राजधानीच्या अगदी तोंडावर. ते परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय जखमी होऊन कसाबसा परतला. शहर आता पडणार अशीच सर्वांची खात्री झाली. तेव्हा हा व्हाइसरॉय बॉम जेझूसच्या इगर्जीत गेला, संत फ्रांसिस झेवियरची शवपेटी उघडायला लावली आणि आपला राजदंड व अधिकाराची कागदपत्रे त्याने संताच्या शवाजवळ ठेवली. राज्य आता तूच सांभाळ, माझ्याने होत नाही, असा त्याचा भाव. त्यानंतर १६८४ च्या सुरुवातीला औरंगजेबाचा मुलगा शाह आलम मोठी फौज घेऊन कोकणात उतरला आणि संभाजी महाराजांना मागे फिरावे लागले. इतिहासकार याचे श्रेय मोगलांना देतात. जुन्या गोव्याच्या लोकांनी ते सायबाला दिले.

आपण मराठी वाचक ही गोष्ट नदीच्या अलीकडच्या तीरावरून वाचतो. आपला नायक फोंड्याच्या बाजूला असतो. पण क्षणभर त्या व्हाइसरॉयकडे नुसता माणूस म्हणून पाहा. पराभूत, जखमी, घाबरलेला राज्यकर्ता आपला दंड खाली ठेवतो, आपल्या हातात काही नाही हे कबूल करतो. तेर्तुलियन जे म्हणाला होता तेच इथे राज्यकर्त्याच्याच वागण्यातून प्रकट झाले. तो एक क्षण खरा होता असे मला वाटते.

पुढे मात्र त्याचा रिवाज झाला. नवा व्हाइसरॉय किंवा गव्हर्नर आला की त्याने बॉम जेझूसमध्ये जाऊन संताजवळचा दंड घ्यायचा आणि कारभाराला लागायचे. दंड खाली ठेवणे ही शरणागती होती, पण दंड उचलणे म्हणजे आपल्या सत्तेवर देवाचा शिक्का मारून घेणे. संताला ‘गोंयचो सायब’ म्हणतात. सायब म्हणजे धनी. भाविक माणूस हे प्रेमाने म्हणतो, त्यात हिंदूसुद्धा आले. पण सरकार जेव्हा म्हणते की खरा धनी संत आहे आणि मी त्याचा मुखत्यार, तेव्हा त्या सरकाराला जाब कोणी विचारायचा? अशा प्रार्थनेत राज्यकर्त्याची मर्यादा उरत नाही.

वर शहरात हे चालले होते तेव्हा खाली गावात काय होते? गावात गावकरी होती. पोर्तुगीजांच्या आधीपासूनची ही संस्था शेतजमीन, बांध, मानशी सांभाळायची आणि गावच्या देवळाचा खर्च करायची. १५२६ च्या आफोन्स मेशियाच्या फोरालने पोर्तुगीज सरकारने तिचे रिवाज लिहून मान्य केले. गावे ख्रिस्ती झाली, देवळांच्या जागी इगर्जी आल्या, पण गावकरी राहिली आणि तिच्या उत्पन्नातून आता इगर्जीचा खर्च होऊ लागला. नव्या भाताचा उत्सवही राहिला. रायच्या इगर्जीत दर ५ ऑगस्टला कणसांचे फेस्त होते. पाद्री शेतात जाऊन पहिली कणसे कापतो, त्यांना आशीर्वाद देतो. ताळगावचे फेस्तही ऑगस्टमध्येच. आपण नवे बांधतो, तेच हे. गावाच्या पिकासाठी, गावाच्या पोटासाठी मागणे, मग ते गाऱ्हाणे असो की लदीन, आमच्या गावांतून कधी थांबले नाही. इंग्लंडहून आलेला फादर थॉमस स्टीफन्स याच सासष्टीत राहिला आणि त्याने इथल्या लोकांना कळावे म्हणून मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण लिहिले. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. मराठीत असे शब्द त्यानेच नव्हे, त्याच्या ऐकणाऱ्यांनीही घडवले, कारण ही मंडळी कालपरवापर्यंत गाऱ्हाणीच ऐकत होती.

मग १९ डिसेंबर १९६१ उजाडला. गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा शरण आला आणि साडेचारशे वर्षांचे राज्य संपले. दंड उचलणारा कोणी उरला नाही. १९६२ मध्ये ग्रामपंचायतींचा कायदा आला. आणि आता हा योगायोग पाहा. ३ डिसेंबरला सायबाचे फेस्त. १९६३ साली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ४ डिसेंबरला, रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज मंजूर केला. त्यातल्या ५३ व्या कलमाने शेकडो वर्षे बंद पडलेली लोकांची प्रार्थना रविवारच्या मिसात परत आणली आणि तीत राज्यकर्त्यांसाठी मागणे असावे असे स्पष्ट सांगितले. आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ डिसेंबर १९६३ रोजी, गोव्यात विधानसभेची पहिली निवडणूक झाली. बहुजन समाजाच्या मतांवर भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले.

म्हणजे ज्या आठवड्यात गोव्याच्या सामान्य माणसाला मत मिळाले, त्याच आठवड्यात इगर्जीतल्या सामान्य माणसाला राज्यकर्त्यांसाठी मागण्याची आपली जागा परत मिळाली. रोमला पणजीची खबर नव्हती आणि पणजीला रोमची. तरी ही सांगड मला मोलाची वाटते. आता मागणारा बाकावर बसलेला होता, प्रार्थना त्याच्या भाषेत होती आणि ज्याच्यासाठी मागायचे तो राज्यकर्ता दुसऱ्या धर्माचा असू शकत होता. बहुतेक वेळा असतोच. तेर्तुलियनच्या काळची स्थिती काही अंशी परत आली, फक्त छळाशिवाय.

मी स्वतः हे मागणे पहिल्यांदा नीट ऐकले ते सासष्टीतल्या एका सहकाऱ्याच्या आईच्या महिन्याच्या मिसाला. मागच्या बाकावर बसलो होतो. एका मुलीने वाचले की आमच्या गावचे पंच, सरपंच आणि सरकारी कचेऱ्यांत काम करणारे यांनी गरिबाला न्याय द्यावा, त्यांना ती बुद्धी मिळो. लोकांनी एका सुरात प्रतिसाद दिला. सरकारी कारकुनाला लोक काय काय म्हणतात ते मला चांगले माहीत आहे. कचेरीत टेबलासमोर उभा राहून एखादा म्हातारा एक-चौदाच्या उताऱ्यासाठी तिसऱ्यांदा येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत काय असते तेही माहीत आहे. पण माझ्यासारख्यासाठी कोणी देवाकडे मागते आहे, हे नवीन होते. आणि ते मागणे माझ्या बढतीसाठी नव्हते. त्या म्हाताऱ्याचे काम व्हावे म्हणून होते. तीमथ्याच्या पत्रात सांगितलेले कारण तेच आहे.

इथे एक आक्षेप येतो. प्रार्थना केली की झाले, मग जाब कशाला विचारायचा, अशी सुस्ती तर येत नाही ना? गोव्यातला अनुभव तसे सांगत नाही. आपल्याकडे १९१ ग्रामपंचायती आहेत आणि ग्रामसभा बहुधा रविवारीच असते. सकाळी इगर्जीत पंचांसाठी मागणे करणारी माणसेच दहा वाजता पंचायतीच्या सभागृहात डोंगरकापणीबद्दल, कचऱ्याबद्दल, नव्या बांधकामांच्या परवान्यांबद्दल त्याच पंचांना फैलावर घेतात. २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ आला तेव्हा हिंदू-ख्रिस्ती दोन्ही समाज रस्त्यावर उतरले आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो मागे घ्यावा लागला. धर्मप्रांताची सामाजिक न्याय आणि शांती समिती सरकारवर टीका करायला कधी कचरली नाही. ज्याच्यासाठी मनापासून मागितले त्याच्याकडून अपेक्षाही ठेवता येते. उलट ज्याला आपण देवच करून टाकतो, त्याला कोण विचारणार?

दुसरा प्रश्न जागेचा. प्रार्थना इगर्जीतून सरकारसाठी व्हावी की सरकारी सभागृहातच व्हावी? हा वाद परदेशात कोर्टापर्यंत गेला आहे. इंग्लंडमधल्या बिडेफर्ड या गावच्या नगरपरिषदेत बैठकीची सुरुवात ख्रिस्ती प्रार्थनेने होत असे. १० फेब्रुवारी २०१२ रोजी तिथल्या उच्च न्यायालयाने ठरवले की बैठकीचे कामकाज म्हणून अशी प्रार्थना घेण्याचा अधिकार परिषदेला कायद्याने दिलेला नाही. मग २०१५ मध्ये संसदेने तो अधिकार देणारा कायदा केला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीस या गावाच्या प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी अशा प्रार्थनेला मान्यता दिली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१५ मध्ये सॅग्ने शहराच्या बाबतीत एकमताने उलटा निकाल दिला. शासनाने सर्व धर्मांच्या बाबतीत तटस्थ राहावे असे त्यांचे म्हणणे. तिन्ही देश लोकशाहीचे, तिन्ही ठिकाणी बहुसंख्य परंपरा ख्रिस्ती, तरी उत्तरे वेगळी.

आपल्याला गोवेकरांना याचे उत्तर शोधायला इतके लांब जायला नको. आपल्याकडे दंडाची गोष्ट घडून गेलेली आहे. सत्तेच्या खुर्चीवर बसून केलेली प्रार्थना, मग ती कोणत्याही धर्माची असो, शेवटी खुर्चीलाच बळ देते. हे मी फक्त ख्रिस्ती इतिहासाबद्दल म्हणत नाही. आज सरकारी सोहळ्यांत देवांची आणि पुढाऱ्यांची सरमिसळ आपल्या समाजातही वाढते आहे, ती पाहूनही म्हणतो. देवळातले गाऱ्हाणे देवळात, इगर्जीतले मागणे इगर्जीत आणि पंचायतीत प्रश्न, अशी वाटणी मला आपल्या गावांना साजेशी वाटते.

नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात सायबाच्या शवाचे प्रदर्शन झाले. सर्व धर्मांचे लाखो लोक दर्शनाला आले, मंत्री-आमदारही रांगेत येऊन हात जोडून गेले. कोणी दंड घेऊन गेले नाही आणि कोणाला तशी अपेक्षाही नव्हती. १५ ऑगस्टला तर अनेक इगर्जींच्या अंगणात मिसानंतर तिरंगा फडकवतात, कारण त्याच दिवशी मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण असतो. पुढच्या रविवारी आपल्या शेजारच्या ख्रिस्ती मित्राला जरूर विचारा, आज मिसात कोणाकोणासाठी मागितले? आणि तोही विचारील तर आपल्या गाऱ्हाण्यात काय काय असते ते त्याला सांगा. दोन्हींमध्ये गावाचे नाव असते, हे दोघांच्याही लक्षात येईल.